रक्त नेणाऱ्याला चलान का?

प्रश्न : ताई, मी एका खासगी रक्तपेढीसाठी मोटारसायकलवरून रक्ताच्या पिशव्या पोहोचवतो. साताऱ्याहून कोरेगाव, रहिमतपूर, कधी वाई. गेल्या महिन्यात रात्री पावणेअकराला एका बाळंतिणीसाठी दोन पिशव्या घेऊन निघालो होतो. कॅमेऱ्यानं ७८ चा वेग टिपला आणि हजार रुपयांचं चलान आलं. मालक म्हणतात, तुझं तू भर. मी काय हौसेनं हिंडत होतो का? अँब्युलन्सला माफ, फायर ब्रिगेडला माफ, मग रक्त, औषध, सापाची लस नेणाऱ्याला वेगमर्यादेतून सूट का नको? तुम्ही रक्तपेढीत इतकी वर्षं काढलीत, तुम्ही तरी आमच्या बाजूनं लिहा.
– एक वाचक, सातारा

उत्तर : भाऊ, तुमच्याच बाजूनं लिहिते आहे. वाचून झाल्यावर तुम्हाला तसं वाटेलच असं नाही.

चलानाचं आधी उरकून टाकू. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ वेगमर्यादा घालतं. त्या कलमातच जी सूट दिली आहे ती लष्कराच्या गाड्यांना, आणि तीही युद्धसराव चालू असताना, ठरवून दिलेल्या भागात. अग्निशमन, रुग्णवाहिका आणि पोलीस यांना मुभा आहे ती २०१७ च्या वाहनचालन विनियमांतून. लाल सिग्नल ओलांडता येतो, मर्यादेपेक्षा जास्त वेगानं जाता येतं, नो एन्ट्रीतून घुसता येतं. मात्र सायरन आणि दिवा चालू हवा, प्रसंग खरोखर जिवावरचा हवा, आणि हे सगळं जपून करायचं ही अट त्याच ओळीत घातलेली आहे. मुंबईत २०१७ मध्ये १०८ च्या मोटारसायकल रुग्णवाहिका सुरू झाल्या, पण त्या उपचार करणारं माणूस घेऊन धावतात. तुमच्यामागे बांधलेला निळा डबा कितीही मोलाचा असला तरी त्यानं तुमची गाडी रुग्णवाहिका होत नाही.

तरी महाट्रॅफिक अॅपवर तक्रार नोंदवून बघा. रक्तपेढीची इश्यू स्लिप जोडा, तिच्यावर पिशवी हातात दिल्याची वेळ असते. मान्य झाली तर उत्तम. नाही झाली तर ते हजार रुपये तुमच्या मालकांनी भरावेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण फोनवर ‘पळव, पळव’ म्हणणारे तेच असणार. मी ओळखते या जातीच्या मालकांना.

आता तुमच्या पत्रात जे नाही ते विचारते. पावणेअकराला तुम्ही निघालात. रुग्णालयातून पहिला फोन किती वाजता आला होता?

मी २७ वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होते, त्यातली निम्मी रात्रपाळीत. एक रात्र सांगते, वही अजून आहे माझ्याकडे. डिसेंबर महिना. ११.१० ला एका तालुक्याच्या गावच्या प्रसूतिगृहातून फोन : बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, ओ पॉझिटिव्ह दोन पिशव्या तयार ठेवा. तयार ठेवा म्हणजे काय, पिशव्या फ्रीजमध्ये होत्याच. पण बाईच्या रक्ताचा नमुना आल्याशिवाय क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त तिच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं, होत नाही, आणि नमुना तिकडून यायचा. फॉर्म भरायला कुणी नव्हतं, मग डॉक्टरीणबाईंनी एका हातानं भरला. बाईचा दीर नमुना घेऊन ११.४० ला निघाला, १२.१५ ला आमच्या खिडकीशी पोहोचला. मी ट्यूब हातात घेतली. ट्यूबवर बाईचं माहेरचं नाव, फॉर्मवर सासरचं.

तुम्ही म्हणाल, बाई तीच, रक्त तेच, द्यायचं उरकून. नाही देता येत. त्याच रात्री त्या वॉर्डात दुसरी बाळंतीण असू शकते, ट्यूब तिची असू शकते. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर माणूस रक्त न मिळता जाईल त्याहून लवकर जातो. दीर माझ्यावर ओरडला. त्याच्या जागी मीही ओरडले असते. मी फोन केला, तिकडून दुसरा नमुना निघाला, यावेळी नाव-वय-वॉर्ड नंबर सगळं लिहून. तो आला १.१० ला. क्रॉसमॅच नीट करायची तर पाऊणएक तास लागतो. मी ४० मिनिटांत केली, आणि त्यात जे धाडस होतं ते मी केलं, स्वाराला करायला लावलं नाही. १.५५ ला पिशव्या डब्यात, डब्यात चारी बाजूंनी जेलचे थंड पॅक, पॅक आणि पिशवी यांच्यामध्ये पुठ्ठा. पिशवीला गोठलेला पॅक थेट टेकला तर तिथल्या लाल पेशी फुटतात, म्हणून पुठ्ठा. १.५८ ला आमच्या रक्तपेढीचा पिशव्या पोहोचवणारा मुलगा गाडीला किक मारून सुटला.

तो गेला सुसाट. एरवी ३० मिनिटांचा रस्ता त्यानं २४ मिनिटांत काढला, येऊन मला अभिमानानं सांगितलंही. पण प्रसूतिगृहाचं फाटक आतून कुलूपबंद, वॉचमन मागच्या खोलीत. हॉर्न वाजवण्यात, मावशींनी किल्ली शोधण्यात नऊ मिनिटं. बाई वाचली. बाळही. दीर दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवून गेला.

११.१० ते २.३१. तीन तास एकवीस मिनिटं झाली, भाऊ. त्यातली सहा मिनिटं आमच्या मुलानं जिवावर उदार होऊन वाचवली, आणि त्याहून जास्त एका कुलपानं खाल्ली. सूट द्यायची तर ती कुठल्या मिनिटांना द्यायची, तुम्हीच सांगा.

हिशेब तसा शाळेतलाच आहे. २० किलोमीटरचा रस्ता ६० च्या वेगानं २० मिनिटांत होतो, ८० च्या वेगानं १५ मिनिटांत. पाच मिनिटं, तीही वाटेत एकही स्पीडब्रेकर, एकही वळण, एकही म्हैस नाही असं धरून. आणि त्या पाच मिनिटांची किंमत? ६० वर असताना काहीतरी दिसलं, ब्रेक दाबला, तर कोरड्या डांबरावर गाडी थांबेपर्यंत ३५ मीटरच्या आसपास जाते. ८० वर ५७-५८ मीटर. तुमच्या गाडीचा लोअर बीम किती पुढचं दाखवतो ते आज रात्री घरासमोर पावलांनी मोजा. मी मोजायला लावलंय पोरांना. बहुतेकांचा चाळिसाच्या आत संपतो.

आणि आपल्याकडचा रस्ता तुम्हाला मी काय सांगू! कारखाने सुरू झाले की संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या. एकामागे एक दोन जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला. ट्रॅक्टरवाला हिंदी गाणी लावून निवांत. त्याला तुमच्या डब्यात काय आहे ते कसं कळणार? सूट कागदावर तुम्हाला मिळेल, ट्रॉलीला कोण सांगणार?

आमचा एक मुलगा अशाच ट्रॉलीवर गेला. मेला नाही, गळ्याचं हाड मोडलं. डबा सुटून रस्त्यावर, झाकण उघडलं, चारपैकी तीन पिशव्या फुटल्या. मी सकाळी त्या जागेवरून एसटीनं गेले तेव्हा डांबरावर अजून काळपट डाग होता आणि त्यावर कुणीतरी माती टाकलेली होती. ज्याच्यासाठी पिशव्या चालल्या होत्या तो ए निगेटिव्हचा पेशंट. तो गट आमच्याकडे त्या दिवशी तेवढाच होता. दुसरीकडून मिळवेपर्यंत पहाट झाली. त्या मुलाच्या घरी मी भेटायला गेले, तर त्याची आई म्हणाली, ‘‘बाई, ह्यो कुणासाठी एवढा पळत हुता?’’ मला काही बोलता आलं नाही.

असं काही झालं आणि कुणी दुसरा मेला तर कायदा काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणे गाडी चालवण्याला कलम २८१ आहे, निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याला कलम १०६, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मोठं नुकसान टाळायला छोटं केलं असा बचाव कलम १९ मध्ये मांडता येतो, पण तो कोर्टात उभं राहून तुम्हाला मांडावा लागेल, स्वखर्चानं. मालक त्या दिवशी फोन उचलतील असं धरून चालू नका.

तुम्ही सापाच्या लशीचं लिहिलंय. ती लस नव्हे, प्रतिविष, पण ते असो. ते पावडरच्या रूपात येतं, फ्रीज नसला तरी टिकतं, म्हणूनच ते गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीपासून पडलेलं असायला हवं. पहिला डोसच आठ-दहा कुप्यांचा असतो. घोणस चावल्यावर जिल्ह्याहून कुणी मोटारसायकलवर कुप्या घेऊन निघत असेल तर चूक त्या दिवशीची नाही, सहा महिन्यांपूर्वीच्या मागणीपत्राची आहे. रक्ताचंही काहीसं तसंच. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांत ३५ ते ४२ दिवस टिकते. प्लेटलेट्स पाच दिवस, त्याही फ्रीजबाहेर, २० ते २४ अंशांत, सतत हलवत. (डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्स घरी नेऊन फ्रीजमध्ये घालणाऱ्या नातेवाइकांची मी हात जोडून समजूत काढली आहे.) प्लाझ्मा तर गोठलेला असतो, ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात. यातलं काहीही वाटेत पाच मिनिटं जास्त लागली म्हणून खराब होत नाही. घाई असते ती पेशंटला, आणि पेशंटची घाई आधी ओळखायची असते.

आम्ही त्या डिसेंबरनंतर एवढंच केलं : ज्या बाईचं हिमोग्लोबिन सातच्या खाली, वार (प्लासेंटा) खाली आलेली, आधीचं सिझेरियन, तिचा नमुना दवाखान्यांनी कळा सुरू व्हायच्या आधीच पाठवायचा. गट तपासून, पिशव्यांवर तिचं नाव टाकून बाजूला ठेवायच्या. काही डॉक्टरांनी कुरकुर केली, पिशवी वापरली नाही तर पैसे कोण देणार म्हणून. दोन-तीन रात्री अशा गेल्या की कुरकुर आपोआप थांबली.

आणखी एक सोय आहे, जी आपल्याकडे पुरेशी वापरली जात नाही. वर्षाला दोन हजारांपेक्षा कमी पिशव्या लागणाऱ्या रुग्णालयाला पूर्ण रक्तपेढीचा परवाना न घेता, मान्यता घेऊन, रक्त साठवणूक केंद्र चालवता येतं. एक नीट फ्रीज, वीज गेली तर जनरेटर, एक शिकलेला तंत्रज्ञ. मोठ्या रक्तपेढीनं दिवसाउजेडी, सावकाश, डिझेल भरून, चहा पिऊन पिशव्या आणून ठेवायच्या. तुमच्या तालुक्यात असं केंद्र चालू आहे का, चालू असेल तर रात्री त्याची किल्ली कुणाकडे असते, हे विचारा. किल्लीचं नक्की विचारा.

तुम्हाला आठवत असेल, २०१४ मध्ये राज्यात जीवन अमृत योजना आली. १०४ ला फोन करायचा, शीतपेटी लावलेल्या मोटारसायकलवरून रक्त येणार. आधी प्रयोग झाला तो सातारा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतच. अंतर किती धरलं होतं? ४० किलोमीटर, एक तास. म्हणजे ताशी ४० चा सरासरी वेग. ज्यांनी कुणी तो आकडा ठरवला त्यांनी वेगाच्या सवलतीचा विचारच केला नव्हता, मर्यादेत राहून काय होतं तेवढंच मांडलं होतं. ती योजना पुढे बंद झाली, त्याचं मला वाईट वाटतं. मात्र स्वार हळू जात होते म्हणून ती बंद झाली असं आमच्याकडे कुणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मग तुम्हाला काहीच नको का? हवं ना. रक्त नेणाऱ्या नोंदणीकृत गाडीला नो एन्ट्री माफ असावी. रुग्णालयाच्या दारात गाडी लावली तर ती उचलू नये. नाकाबंदीत पिशवी बघून लगेच सोडावं. रात्रीच्या फेरीला दोघं असावेत, अंगात चमकणारं जाकीट, आणि विमा मालकाच्या पैशानं. फेरीमागे पैसे मिळत असतील तर ते मिनिटांवर ठरू नयेत. प्रसंग खरोखर क्षणाक्षणाचा असेल तर मोटारसायकल मुळात बाहेरच काढू नये, रुग्णवाहिकेतून रक्त पाठवावं. तिला सायरन आहे, लोक तिला वाट देतात, आणि न देणाऱ्याला कायद्यानं दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी मी तुमच्याबरोबर निवेदन घेऊन यायला तयार आहे. वेगाची सूट तेवढी मागायला येणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात अॅपवरून औषधं पोहोचवतो. त्यानं गाडीवर ‘मेडिकल इमर्जन्सी’ असं स्टिकर लावलंय. त्यामुळे पोलीस अडवत नाहीत असं म्हणतो. हे चालतं का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, स्टिकरला कायद्यात शून्य किंमत आहे. अडवत नाहीत तोवर बरं. कॅमेऱ्याला तर वाचताच येत नाही, तो फक्त नंबरप्लेट बघतो.

त्याच्या पिशवीत काय असतं ते एकदा बघा. माझ्या शेजारणीनं मागवलेल्या तीन ऑर्डर मी पाहिल्या : रक्तदाबाच्या गोळ्या, डायपर, आणि खोकल्याचं औषध ज्यात मुख्यतः मध होता. इन्सुलिनची कुपीसुद्धा अर्धा तास सावलीत राहिली म्हणून बिघडत नाही. खरोखर हृदयविकाराचा झटका आलेला माणूस अॅप उघडून गोळी मागवत बसत नाही, आणि बसत असेल तर त्याला १०८ लावून द्या. मुलाला रागवू नका, त्याच्या डोक्यावर घड्याळ दुसऱ्यानं लावलेलं आहे. अपघात झाला तर कंपनी काय देते, हे त्याच्याकडून लेखी मागून घ्या. स्टिकर मात्र आजच काढायला लावा, गरम पाण्याच्या फडक्यानं निघतं.

प्रश्न : वर्तमानपत्रात वाचतो की हृदयासाठी ग्रीन कॉरिडॉर करतात, गाड्या थांबवतात, तासाचं अंतर अर्ध्यावर येतं. एका हृदयासाठी हे होतं तर रोजच्या शेकडो रक्तपिशव्यांसाठी का नाही? तो अन्याय नव्हे का?
– निवृत्त शिक्षक, पनवेल

उत्तर : सर, हृदय शरीराबाहेर काढलं की चारएक तास हातात असतात, फार तर सहा. फुफ्फुसांचंही तसंच. यकृताला आठ ते बारा. मूत्रपिंडाला दिवसभर, कधी त्याहून जास्त, म्हणून ते पुष्कळदा साध्या गाडीनंही जातं, त्याची बातमी होत नाही इतकंच. रक्ताच्या पिशवीचे दिवस वर सांगितलेच आहेत. ज्याची मुदत तासांत आहे त्यालाच रस्ता मोकळा करून द्यायचा, यात मला अन्याय दिसत नाही. रोज शंभर वेळा चौक अडवले तर त्यात अडकलेल्या रुग्णवाहिकांचं काय करायचं? दुर्गम भागासाठी दुसरे उपाय निघताहेत. २०२१ च्या डिसेंबरात पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ड्रोननं लशीचे ३०० डोस गेले, रस्त्यानं ४० मिनिटांचं अंतर ९ मिनिटांत. रक्तासाठी असं व्हावं असं मला फार वाटतं. ड्रोनला ट्रॉल्या आडव्या येत नाहीत.

पण ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणजे बेफाम वेग, ही समजूत काढून टाका. मी एकदा पुण्याकडे निघालेली अशी गाडी साताऱ्यात पोवई नाक्यावर पाहिली. गाडी यायच्या पुष्कळ आधीपासून चारी बाजूंना हवालदार उभे. एकानं शिट्टी तोंडात धरलेली, वाजवत नव्हता. भाजीचा टेम्पो, दोन एसट्या, शाळेची व्हॅन, सगळे गप थांबलेले. मग रुग्णवाहिका आली. वळणावर ड्रायव्हरनं वेग कमी केला, गाडी जराही न झोकांडता वळवली, आणि सरळ निघून गेला. पुढचा चौकही त्याला मोकळा होता, म्हणून त्याला कुठेच थांबून पुन्हा वेग घ्यावा लागत नव्हता. माझ्या शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, ‘‘हीच होती का? का अजून यायचीय?’’